कॉफीवाल्या वेसलिंगांचा जिना

१२ मार्च १९०८, मिलवॉकी

आर्किटेक्ट प्रेंटिस गेले! नकाशे टेबलावर आपटून गेले. माझ्यामुळे. मी एवढंच म्हटलं — मुख्य जिना नव्या घराच्या पोटात काळोखात घातलाय, तो सरोवराकडच्या भिंतीला आणा, सकाळचं ऊन येईल. "मुलींनी पडद्यांचे रंग निवडावेत," म्हणाले.

पप्पा तिथेच होते. आयुष्यभर कॉफी विकलेला माणूस, कडवट चव लगेच कळते. "जिना काळोखाच आहे. हेडविग बरोबर बोलतेय." संपलं!

१३ मार्च

आईच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून सुरू. "पाया घालून झाला आणि बापलेकींनी आर्किटेक्ट पळवला! आता काय, कॉफीच्या पोत्यांवर झोपायचं?"

पप्पांनी प्रेंटिसांचे नकाशे माझ्यापुढे सरकवले. मी संध्याकाळच्या वर्गात दोन वर्षं नकाशे काढायला शिकले, ते काय भिंतीवर टांगायला? मी म्हटलं, "मी करते."

बाई गं! काय बोलून बसले!

२ मे

मुकादम नोवोत्नींनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. "मिस, जिन्याचा मधला टप्पा खाली खांबाशिवाय उभा राहील?"

"राहील. पोलादी तुळया भिंतीत खोल जाताहेत."

आवाज ठणठणीत. रात्री हिशोब पुन्हा तीनदा तपासला.

३० ऑगस्ट

तुळया बसल्या. खाली टेकू आहेत म्हणून सगळे शूर.

१९ सप्टेंबर

आज टेकू काढले. शेवटचा निघाला तेव्हा मी डोळेच मिटले. नोवोत्नी ओरडले — "उभा आहे!"

पप्पा धावत वर. आईला हात धरून ओढलं. मग बेर्टाआत्याला — आत्या म्हणजे दोन माणसांचा ऐवज! "मला नको रे, आत्ताच आलुबुखाराचा केक खाल्लाय!" तरी चढली. एका सुतारानं अकॉर्डियन काढलं आणि माझ्या टप्प्यावर पोल्का नाच सुरू! खिडकीला काच नाही, सरोवराचा वारा भणाणतोय, आत्याची टोपी उडून थेट चुन्याच्या घमेल्यात. आई हसता हसता रडायला लागली. मला जवळ घेऊन म्हणाली, "पोत्यांवर नाही झोपायला लागणार तर!"

टप्पा केसभर हलला नाही.

६ जून १९०९

राहायला येऊन महिना झाला. आज दारात चामड्याचे व्यापारी हार्निश उभे. "वेसलिंग, मला घर बांधायचंय. तुमचे आर्किटेक्ट कुठे भेटतील?"

पप्पा म्हणाले, "इथेच. आत कणीक मळतेय."

पिठाच्या हातांनीच बाहेर आले. विचारलं, "तुम्हाला सकाळचं ऊन कुठल्या खोलीत हवंय?"