नाव द्यायचं कुणी

चिरंजीव धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

माझा खोकला गेला, आता झोपही लागते. आईचे गुडघे कसे आहेत?

परवा फोनवर म्हणालास, "ताई, तू स्पीच थेरपिस्ट ना, मग भिंगरीला काय झालंय ते तूच सांगून टाक." मी नाही म्हटलं आणि तू चिडलास. अरे, तुझी तीन वर्षांची पोर बोलत नाही म्हणून मला शंका घेता येते, निदान करता येत नाही. बालवाडीच्या बाईंनाही नाही. ऑटिझम आहे की नाही, हे बालविकासतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनेच तिला नीट तपासून सांगायचं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घे आणि जा.

आई म्हणेल, तूही उशिराच बोललास. म्हणू दे. पोरीला नावं ठेवणारे घरात ढीगभर आहेत. कुणी हट्टी म्हणतं, कुणी बहिरी. नीट नाव देणारं माणूस एकदा गाठ.

बायकोला म्हणावं, काळजीपायी जेवण टाळू नकोस.

तू पाठवलेल्या व्हिडिओत भिंगरी तुझं मनगट धरते आणि तुझा हात नळावर नेऊन ठेवते. तू हसतोयस. मी तो कितीदा पाहिला, विचारू नकोस.

डॉक्टर काहीही म्हणोत, तिने मनगट धरलं की हसत बसू नकोस, लगेच ऊठ. तिला तहान लागलेली असते, आणि तिच्याकडे तेवढं एकच वाक्य आहे.

तुझी ताई, तिची आत्या