आईच्या घरावरचं मैदान

२१ जुलै

नेस्तोरचा फोन. वरच्या संघात घेतलं! पोरगा रडत होता, इकडे मी रडत होते, तव्यावरची तोर्तिया जळून कोळसा. सहा वर्षं खालच्या संघांतून बसचे धक्के खात फिरला. आणि आता संघ मिळाला तो आपल्याच शहराचा. म्हणजे स्टेडियम तेच. टेकडीवरचं.

आईला अजून सांगितलेलं नाही. हिंमत होत नाही.

२२ जुलै

सांगितलं. आई शेंगा सोलत होती, मान वर केली नाही. "माझ्या चुलीवर उभा राहून चेंडू मारणार म्हण की."

साठ वर्षं झाली. नगरपालिकेने टेकडीवरची सगळी घरं पाडली. नवी बांधून देतो म्हणाले आणि जागा दिली बेसबॉलवाल्यांना. आई तेव्हा सोळाची. त्यानंतर तिथे पाय ठेवला नाही. टीव्हीवर सामना लागला तरी उठून जाते. तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही. पण नातू आहे ना तो!

२४ जुलै

आईचं माझ्याशी बोलणं बंद.

२६ जुलै

शुक्रवारच्या सामन्याचे पास आणायला स्टेडियमवर गेले. नेस्तोरचा इथला पहिला सामना. आत नवी भिंत केलीय, स्टेडियमचा इतिहास म्हणून. पहिलाच फोटो — रिकामी टेकडी! घरं पाडून झाल्यावर काढलेला, दुसरं काय. खिडकीतल्या मुलीला म्हटलं, इथे आमची वस्ती होती. "हो का? छान," म्हणाली. मी पास घेतले, वर थँक्यू म्हणून आले. काय करणार होते?

२९ जुलै

नेस्तोर परगावी खेळतोय. तिथून फोन करून म्हणाला, आजीला दे. तिने घेतला हेच नवल.

"आजी, तुझं दार नेमकं कुठे होतं ते येऊन दाखव. इथे कुणालाच माहीत नाही."

आई म्हणाली, "तू जपून पाय टाक. खाली माणसं राहायची."

जेवताना मला विचारलं, "शुक्रवारी किती वाजता निघायचं?"

३१ जुलै

खेळाडूंच्या अदलाबदलीचा आज शेवटचा दिवस. नेस्तोरला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, चेंडू टाकणाऱ्या दोन पिचरच्या बदल्यात. पार उत्तरेला. त्याला विचारलं नाही, नुसतं कळवलं.

आई शुक्रवारसाठी झग्याला इस्त्री करत होती. सांगितलं. तिने इस्त्री बंद केली.

"निघायला किती वेळ दिला त्याला?"

"संध्याकाळपर्यंत."

"आम्हाला महिना दिला होता," म्हणाली.