चटईचा मोकळा कोपरा

४ तारीख, सोमवार
आज पाहुण्यांची पहिली गाडी आली. अकरा माणसं, अकराही माझ्याच पडवीत. पर्यटकांना आमचं विणकाम दाखवायला आमच्या जमातीच्या बायकांचा गट सुनेने काढलाय. मागे बाहेरची एक कंपनी पाहुणे आणायची आणि आमच्याबद्दल वाटेल ते रचून सांगायची. म्हणून सुनेचा नियम एकच, आपलं आपणच सांगायचं, आणि खरं तेच. हात वर करून हो म्हणणारी पहिली मी.

एका बाईने विचारलं, चटईचा एक कोपरा न विणता का सोडता? सासूबाईंनी सांगितलं होतं. मी मानही डोलावली होती. पण लक्ष कुठे होतं देव जाणे. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून म्हटलं, एक पक्षीण वाट चुकली होती, तिला आत यायला दार ठेवलंय. बाईचे डोळे भरून आले. माझेही आले. छानच जमलं, पण बरं नाही केलं.

उद्या थोरल्या जाऊबाईंकडे जाऊन खरी गोष्ट विचारायची. सासूबाईंनी सांगितली तेव्हा त्याही होत्या.

५, मंगळवार
गेले नाही. गुडघा. शिवाय जाऊबाई दुपारी झोपतात, म्हाताऱ्या माणसाला उठवू नये. (माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या आहेत.)

७, गुरुवार
आज पक्षिणीला दोन पिल्लं झाली. समोर लहान मुलं बसली होती, त्यांचं पिल्लांशिवाय कसं भागणार? उद्या नक्की जाते.

११, सोमवार, सकाळी
सुनेने गोष्टीचा बोर्ड रंगवून घेतला. पक्षीण कोंबडीसारखी दिसते, तेवढं बोलले. बाकीचंही बोलणार होते, पण ती म्हणाली, "आई, तुमच्यामुळे आपलं खरं ते टिकलं." चहा तसाच ठेवला. लगेच जाऊबाईंकडे निघाले, तर फाटकापाशी चपलेचा अंगठा तुटला. म्हणजे आजचा योग नव्हता.

१४, गुरुवार
नातीने ती गोष्ट शाळेत सांगितली. पणजीपासून चालत आलीय म्हणाली. बाईंनी फळ्यावर लिहून घेतली. सासूबाईंच्या फोटोकडे पाठ करून जेवले. घास गोड लागला नाही. तरी दोनदा भात घेतला.

१६, शनिवार
जाऊबाईच आल्या. पाहुण्यांच्या मागे बसल्या. मी पिल्लं गाळूनच टाकली. सगळे गेल्यावर त्यांचे हात धरले आणि सगळं कबूल केलं. म्हटलं, खरी गोष्ट सांगा, तो बोर्ड मी स्वतः पुसते.

त्यांनी चटईच्या मोकळ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"धाकटे, मला कुठली आठवायला. मी तर तुझीच गोष्ट बोर्डावरून पाठ केली, माहेरी सांगूनही आले. म्हटलं, हिला तरी आठवतेय."

आमच्याहून म्हातारं आता गावात कोणी नाही.

सून चहा घेऊन आली. विचारलं, कसल्या गप्पा चालल्यात? आम्ही दोघी एकदमच म्हणालो, जुन्या.