आत्याच्या थिएटरचं मशीन

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण मधे दोन गावं बदलली. एका गावात छत्र्या विकल्या, दुसऱ्यात दुरुस्तीला बसलो, तर मीच विकलेल्या यायला लागल्या, म्हणून तिथूनही पाय काढला.

मुद्द्याचं राहिलंच. इथे एका जुन्या थिएटरात सहज शिरलो. दिवे मालवायला लागले, तेही आधी पुढच्या रांगांचे, मग मधले, सावकाश मागपर्यंत. उशिरा आलेली म्हातारी माणसं चाचपडू नयेत म्हणून ही तुझी युक्ती. दुसऱ्या कुठल्या मॅनेजरने केलेली मी पाहिली नाही. मध्यंतरात जिना चढून केबिनमध्ये गेलो, तर आत मास्तर, तुझे ऑपरेटर. आणि त्यांच्यापुढे आपलं मशीन. तेच. झाकणाला आपल्या कपाटाची मूठ आहे, जिच्यापायी आपण अजून ते कपाट दोरी ओढून उघडतो.

मशीन कायमचं बिघडलं, असं त्यांनीच तुला सांगितलं होतं ना? त्या शब्दावर तू थिएटर बंद करायला हो म्हणालीस. मी तेच विचारलं. त्यांनी पुढचं रीळ मशीनवर चढवलं. मग म्हणाले, मालकांनी मशीन मला देऊ केलं, अट एकच, बाईंनी थिएटर चालू ठेवायचा हट्ट सोडायला हवा. आणि बाई दुसऱ्या कुणाचं ऐकल्या नसत्या.

मी खूप बोललो त्यांना. खरंच. तू म्हणशील तर पुन्हा बोलेन.

तुझी माया आहे तशीच राहो.
तुझा भटक्या

ता. क. उत्तर थिएटरच्याच पत्त्यावर घाल. सध्या मी इथे दारावर तिकिटं फाडतो. मास्तरांनी खोलीही दिली आहे.

ता. ११ मार्च

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.

छत्र्यांवर हसले. मग पुढचं वाचलं आणि पत्र पालथं घालून ठेवलं.

तिकीट खिडकीत बसले तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. पुढे तीन थिएटरं सांभाळली. छपरं गळली, उंदरांनी पडदा कुरतडला, मालक बदलले. ऑपरेटर बदलला नाही. मालकांनी दगा दिला याचं नवल नाही, ते विकायलाच बसले होते. मास्तरांनी मशीन मागितलं असतं, तर मीच गाडीत चढवून दिलं असतं.

शेवटच्या दिवशी पडद्यापुढे उभी राहून मी लोकांना सांगितलं, मशीन संपलं, माझा इलाज चालला नाही. नेहमीची माणसं होती, त्यांनी विश्वास ठेवला. मास्तराने माझ्या तोंडून खोटं वदवलं. नंतर केबिनमध्ये तो मशीनवर डोकं टेकून रडला, आणि मी मूर्ख बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, यात तुमचा काही दोष नाही. थिएटर गेलं ते गेलं. तो फिरवलेला हात मात्र मला काही केल्या विसरता येत नाही.

तू त्याला काय बोललास ते सांगू नकोस. ज्याला खडसावलं, त्याच्याच दारावर माणूस तिकिटं फाडत नाही. बाकी सगळं पानभर लिहिलंस, आणि एवढं मात्र ता. क. मधे.

या पत्त्यावर माझं हे शेवटचं पत्र. दुसरा पत्ता झाला की कळव. लोभ आहे; तो वाढवायचा की आवरायचा, ते त्या पत्त्यावरून ठरवीन.

तुझी आत्या