फ्यूज कुणाच्या खिशात

सोलापूर, ६ जानेवारी २०२५

ती. दादास,
धम्मप्रियाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि तुला जेवण पुरतं का, एवढंच विचारायला सांगितलं.

आता माझं. कॉलेजात रोबोंची झुंज असते ना, त्यात यंदाही मी आणि माझी मैत्रीण सृष्टी आहोत. जाड प्लास्टिकच्या पिंजऱ्यात दोन रोबो सोडतात. तीन मिनिटांत जो हलायचा थांबला तो हरला. मागच्या वर्षी आमच्या रोबोला दोन हात, सहा सेन्सर आणि वर रंगीत दिवे होते. चाळीस सेकंदांत त्याच्या पोटातल्या वायरी बाहेर आल्या. पोरं हसली. एक म्हणाला, हिच्या भावाला बोलवा जेलमधून, तो पाइपानं फोडून देईल. मी त्याच्या पायावर पाना टाकला. चुकून नव्हे.

यंदा मला फोडायचंच आहे. पोलादी पातं बसवणार, समोरच्याची आतडी बाहेर काढणारं. भर कामात पत्र्याचा प्रेस चालू करून गुरुशांतदादांची चार बोटं घालवणाऱ्या त्या बसप्पा मुकादमाचा जबडा तू फोडलास, तशी मीही फोडणार. मित्रासाठी जेलमध्ये गेलेल्याची बहीण आहे मी, दिसू दे सगळ्यांना. तू वेल्डिंगचा माणूस, पातं कसं बसवू ते कळव.

माया आहेच तुझी, ती जरा लांब पत्रातून येऊ दे.
तुझी प्रिया


कारागृहातून, १५ जानेवारी

चि. प्रियास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

जेवण पुरतं. मागच्या आठवड्यात भाजीच्या वाटीवरून बराकीत मारामारी झाली, एकाचे दोन दात फरशीवर पडले. मी भिंतीकडे तोंड करून बसून राहिलो. आईला दातांचं सांगू नकोस.

पातं नको. पातं समोरच्याला जेवढं हाणतं तेवढाच हिसका आपल्या सांगाड्याला देतं. पुढं जमिनीला घासणारी पोलादी पाचर लाव, दोन मोटारी, चार चाकं, बास. चाकं अंगापेक्षा उंच घे, म्हणजे उलटा पडला तरी पळेल. सगळे नट दहा नंबरचे घे, घाईत एकच पाना पुरतो. रंगीत दिवे आईनं बुद्धमूर्तीपुढंही लावले नाहीत, तुझ्या रोबोला कशाला?

आणि फ्यूज बाहेरून उपसता येईल असा बसव. आमच्या कारखान्यात रीत होती, ज्याचा हात मशीनमध्ये, फ्यूज त्याच्याच खिशात. ही रीत मोडू नकोस.

अभ्यासाकडेही बघ, भावाला बरं वाटेल.
धम्मदीप


सोलापूर, २ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

रागावू नकोस. तू नको म्हणालास तरी पातं बसवलं होतं. परवा चाचणीत ते सुटलं आणि दाराच्या फळीत अर्धं घुसलं. जाताना सृष्टीच्या कानाची पाळी फाडून गेलं. तीन टाके पडले. तिच्या मानेवरून रक्त आलं तेव्हा मी माझी ओढणी दाबून धरली. दोन बोटं इकडं असतं तर आज मी हे पत्र तुझ्या शेजारच्या बराकीतून लिहिलं असतं.

आता पाचर लावली आहे, नट दहा नंबरचे. फ्यूजही बाहेर आहे.

एक विचारते. तुमच्याकडे अशी रीत होती, तर त्या दिवशी फ्यूज गुरुशांतदादांच्या खिशात का नव्हता? मुकादमानं हिसकावला का?

उत्तराची वाट बघते, लवकर लिही.
प्रिया


कारागृहातून, ११ फेब्रुवारी

चि. प्रियास,
आशीर्वाद.

इथं पत्रं उघडून वाचतात. वाचू देत.

त्या दिवशी गुरुशांतचा खिसा फाटला होता. म्हणून फ्यूज त्यानं माझ्याकडे दिला आणि प्रेसच्या साच्यात अडकलेला पत्रा काढायला हात आत घातला. बसप्पा दारातून ओरडला, माल थांबलाय, चालू कर. मी वळून बघितलं नाही. फ्यूज मीच बसवला. आवाज आला तो पत्र्याचा नव्हता.

बसप्पा आला आणि म्हणाला, रिक्षात घाल ह्याला, जमीन पुसून घे, मशीन बंद ठेवू नको. मी पाइप उचलला. जबडा मोडला, एक डोळा गेला, तो खाली पडल्यावरही मी मारत होतो. मग सगळ्यांना सांगितलं, प्रेस मुकादमानं चालू केला. सगळे म्हणाले, मित्रासाठी केलं. मी म्हणू दिलं.

गुरुशांतला हे पत्र वाचून दाखव. त्याला सांगायची मला हिंमत झाली नाही. माझ्या नावानं छाती फुगवू नकोस.
धम्मदीप


सोलापूर, ३ मार्च

दादा,
जयभीम.

तुझं पत्र मी फाडलं. त्या दिवशी तू समोर असतास तर तुझ्यावरही पाना टाकला असता. मग तुकडे चिकटवले आणि मैंदर्गीला गुरुशांतदादांच्या घरी गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, मला तवापासनंच ठाऊक हाय की. मुकादमाचा आवाज दाराकडून आला होता आणि फ्यूजचा बोर्ड त्यांच्या पाठीमागं, तुझ्याजवळ होता. तू बसप्पाला मारताना त्यांनी तुझं तोंड पाहिलं. म्हणाले, तो सोताला मारत होता, अंग बसप्पाचं होतं. इतकी वर्षं गप्प का, विचारलं, तर म्हणाले, त्यानं सांगावं म्हणून थांबलो. राग न्हाय असं न्हाय, लई हाय, हेही म्हणाले.

काल झुंजीला ते स्वतःहून आले. फ्यूज मी सांभाळतो, म्हणाले. पहिल्या फेरीत समोरच्याच्या पात्यानं आपल्या पाचरीवर घाव घातला आणि त्याचाच सांगाडा उकलला, मोटार पिंजऱ्यावर आदळली. दुसऱ्या फेरीत आपला उलटा पडला, तसाच पळत जाऊन त्यानं समोरच्याला कोपऱ्यात चेपून मारलं. मी घसा फुटेपर्यंत ओरडले.

अंतिम फेरीआधी एक चाक निखळलं. सृष्टी ते बसवत होती. बाहेर आपलं नाव पुकारलं, दुसऱ्यांदा पुकारलं, सगळे ओरडत होते. मी रिमोट घेऊन दाराकडे तोंड करून उभी होते. हात मागं करून मी म्हणाले, फ्यूज द्या. गुरुशांतदादांनी दिला नाही. मी किंचाळले, हात धरून ओढला. ते हलले नाहीत. तेव्हा वळून बघितलं. सृष्टीची चार बोटं गिअरमध्ये होती.

वेळ संपली. न खेळता हरलो. सृष्टीची दहाही बोटं मी मोजली, दादा, दोनदा.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी गुरुशांतदादा तुझ्या भेटीला येणार आहेत. भिंतीकडे तोंड करून बसू नकोस. फ्यूज अजून त्यांच्याच खिशात आहे. खिसा त्यांनी स्वतः शिवलाय, डाव्या हातानं. टाके वाकडे आहेत, पण पक्के आहेत.

तुझीच,
प्रिया