चिमणीच्या उष्णतेवर साधनाचा कूलर

२ एप्रिल, बुधवार
आजपासून रोज लिहायचं. मिलच्या लॉगबुकात लिहितो तसं. काय केलं, काय झालं. मनातलं काही लिहायचं नाही.
प्रोजेक्ट असा: आमच्या तेल मिलच्या बॉयलरची चिमणी दिवसरात्र गरम हवा वर फेकते. त्या फुकट जाणाऱ्या उष्णतेवर वीज तयार करायची आणि त्या विजेवर बायकोचा, साधनाचा, कूलर चालवायचा. मुदत ३० तारखेपर्यंत. त्या दिवशी अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे; गेलेल्या माणसाच्या नावाने थंड पाण्याची घागर भरतात. साधनाच्या नावाची पहिली घागर भरायची आहे.
आमचं क्वार्टर चिमणीला लागून. स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावता येत नाही. गेल्या मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. मी ड्युटीवरून आलो तेव्हा ती बंद कूलरसमोर पडलेली होती. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण उष्माघात लिहिलं.
हा सूड नाही. ऊर्जाबचत आहे.

५ एप्रिल, शनिवार
तत्त्व सोपं आहे. थर्मोइलेक्ट्रिक प्लेटची एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवली की करंट तयार होतो. फरक जेवढा जास्त तेवढा करंट जास्त. गरम बाजू चिमणीला लावायची. थंड बाजूवरून पंपाने नळीतून पाणी फिरवायचं. पुस्तकात थंड पाणी पंधरा अंश धरलं आहे. मीही तेवढंच धरलं. हिशोबाने कूलर चालून एक ट्यूबलाइट शिल्लक राहते.
बॉयलरवरचे बद्रुद्दीनभाई म्हणाले, "गोवर्धनभाऊ, अकोल्यात पंधरा अंश पानी कुठी भेटते थे मले बी सांगजा. आंघोळ करून येतो."
मी हसण्यावारी नेलं. पाना भिंतीवर आपटला तो सहज. विटेचा टवका उडून त्यांच्या गालाला लागला. रक्त थोडंच आलं.

९ एप्रिल, बुधवार
प्लेटा बसवल्या. बसवताना डाव्या तळहाताचं कातडं चिमणीला चिकटलं. ओढून काढलं. चिमणीला दोन ठोसे मारले. प्लेटा पक्क्या बसल्या का ते बघायला.
टाकीतलं पाणी उन्हाने चहासारखं झालेलं. मीटर शून्यावरून हलेना. मीटर खराब असणार. फोडून पाहिला. खराब नव्हता.

१५ एप्रिल, मंगळवार
बर्फ लागणार. जुन्या शहरातल्या बर्फ कारखान्यात गेलो. रसवंतीवाल्यांची रांग होती. माझं काम विज्ञानाचं आहे, मला पुढे जाऊ द्या, असं शांतपणे सांगितलं. पिंटू नावाचा रसवंतीवाला म्हणाला, "आमी काय इथं हवा खाऊन राहिलो काय बे? लाइनीत लाग."
मी त्याला ढकललं नाही. बर्फाची लादी ढकलली. तो लादीच्या पलीकडे उभा होता. त्याच्या पायाचं बोट मोडलं. त्याच्या चार मित्रांनी मला खाली पाडून तुडवलं. एक दात गेला, तो खिशात आणला आहे.
लादी मात्र मिळवली. मोर्णा नदीच्या पुलावर तिची वीट झाली. मिलमध्ये पोचलो तेव्हा ओलं पोतं राहिलं होतं.
पुढच्या वेळी मोठी लादी घ्यायची.

२० एप्रिल, रविवार
अमरावतीला प्राजक्ताकडे जेवायला. माझा हात आणि तोंड बघून पोरगी रडली. तिला प्रोजेक्ट समजावून सांगितला. म्हणाली, "बाबा, आईले घागरभर थंडं पानी पाह्यजे. करंट नाही पाह्यजे तिले."
तुला यातलं कळत नाही, असं म्हटलं. तिने ताट उचलून आपटलं. वरण माझ्या शर्टावर. मी तांब्या भिरकावला, पण तिच्याकडे नाही. टीव्ही मधे आला.
हिचा तापट स्वभाव कोणावर गेला कळत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार
४४ अंश. पंप अडकला, नळीतच पाणी उकळलं आणि नळी फाटली. वाफेचा फटका उजव्या कानाला. कान आहे, पण आकार बदलला.
शेठजी येऊन बघून गेले. अखाजी झाली की हे सगळं भंगारात टाका, म्हणाले. बरं म्हटलं. ते गेल्यावर पंप हातोडीने ठेचला. दोष त्याचाच होता. नवीन आणला.
तब्येत उत्तम. झोप नाही, पण तिची गरजही वाटत नाही.

३० एप्रिल, बुधवार. अखाजी
प्राजक्ता कालच आली. तिने घागर भरून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. आज फोटोपुढे मांडली, वर आंबा ठेवला. साधनाचा भाऊ नितेश अंजनगावहून आला. बद्रुद्दीनभाईंनाही बोलावलं. कूलर फोटोच्या बाजूला ठेवून वायर जोडली.
सकाळी बर्फ आणायला गेलो होतो. पिंटू दारातच बर्फ फोडायचा टोच्या घेऊन बसलेला. परत आलो.
साधनाच्या नावाचा घास अग्नीत टाकायची वेळ झाली. कूलर हलेना. अख्ख्या क्वार्टरमध्ये थंड वस्तू एकच होती. पंपाची नळी घागरीत सोडली, परत येणारी नळीही त्यातच.
नितेश ओरडला, "भाऊजी, ताईची घागर हाये थे! काहून हात लावता?"
पाणी फिरून परत घागरीतच येणार आहे, असं त्याला सांगितलं. तेवढ्यात पातं हललं. मी पाहिलं. नितेश म्हणतो, त्याचा धक्का लागला.
मग परतीच्या नळीतून उकळतं पाणी आणि वाफ सुटली. घागर मी दोन्ही हातांनी धरली होती. ती हातातच फुटली. खापरी नितेशच्या कपाळात घुसली. आंबा फोटोवर, काच फुटली. पुरणपोळ्या पाण्यात.
त्यानंतर मी घण घेऊन बाहेर गेलो. प्लेटा फोडल्या, पंप फोडला. मग चिमणीवर घाव घातले. वरून विटा पडल्या तरी घालत राहिलो. बद्रुद्दीनभाई आणि नितेश माझ्या छातीवर बसले. त्याची गरज नव्हती. मी शांत होतो.
आत आणलं तोवर प्राजक्ताने खापऱ्या गोळा केल्या होत्या. तिने कूलरची वायर सोडवली आणि भिंतीवरच्या बोर्डात पिन लावली. कूलर लगेच सुरू झाला.
"बाबा, लाइट तर सकायपासून हाये."
गेल्या मे महिन्यापासून ती पिन मी बोर्डात लावली नव्हती. वाऱ्याने नितेशच्या कपाळावरचं रक्त वाळलं.

१ मे, गुरुवार
कामगार दिन. मिल बंद, चिमणी थंड. आज प्रयोग शक्य नाही.
कालचं आणि आजचं प्राजक्ताकडून लिहून घेतो आहे. नवी घागर आणवली, भरून फोटोपुढे ठेवली. कूलर चालू. नव्या घागरीत पाणी गार व्हायला वेळ लागतो. दिवसभर जवळ बसलो. संध्याकाळी हात बुडवून पाहिला. दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, त्यामुळे गार झालं की नाही ते कळलं नाही.