दगडाखालचे भाडेकरू

इंदापूर, ९ एप्रिल १९९६

तीर्थरूप दाजींना सविनय जय भीम.

तुमच्या समुद्रापायी आमच्या विजेरीचे चार सेल खर्ची पडले, ही गंभीर बाब सर्वप्रथम निदर्शनास आणतो. बाकी आम्ही खुशाल. ताईचे गुडघे कोचीनच्या हवेत काय म्हणतात?

बदली झाली म्हणून तुम्ही आमच्याकडं ठेवून गेलेली काचेची टाकी, तिच्यातले प्रवाळ आणि खारं पाणी सुखरूप आहे. (उजनीच्या काठी राहून खारं पाणी सांभाळणारं तालुक्यातलं हे एकमेव कुटुंब.) पण रात्री दिवा मालवला की दगडाखालून इवले इवले जीव बाहेर पडतात. लाल उजेड त्यांना दिसत नाही असं तुम्ही सांगून गेलात, म्हणून गेल्या जयंतीतला लाल जिलेटीन कागद विजेरीला गुंडाळून मी टाकीपुढं उकिडवा बसलो. एक वाकडा, टणाटण उड्या मारणारा. दुसरा केसाळ, मोजू नयेत इतक्या पायांचा. आनंदाच्या भरात घरमालक केशवरावांना बघायला बोलावलं. पाटबंधारे खात्यात वीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या माणसानं आपल्या घरातलं काही दुसऱ्याला आपण होऊन दाखवावं, हा निव्वळ मूर्खपणा.

केशवरावांनी बावड्याचा आपला मेव्हणा रामहरी आणला. उसावरची सगळी कीड त्याला पाठ. हे जीव कोणते म्हणून विचारलं, तर म्हणाला, "नाव काय करायचंय, भानुदासराव? औषध सांगतो की!" (आमच्याकडं जिवाची ओळख त्याला मारणाऱ्या डब्यावरून ठेवतात.) त्यावर केशवराव म्हणाले, "घरात किडं न्हाय चालायचं. आठ दिसांत कुणा जाणत्याचा कागद आणा, न्हायतर खोल्या सोडा."

म्हणून जॅमच्या बाटलीत दोघांना घेऊन एसटीनं बारामती गाठली. तिथल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी भिंगाखाली पाहिलं. उड्या मारणारा कोळंबीचा लांबचा नातलग, केसाळ तो गांडुळाचा समुद्री भाऊबंद. दोघंही टाकीबाहेर कुणाला काही करणारे नाहीत. इतरांचं उष्टं आणि मेलेलं खाऊन पाणी स्वच्छ ठेवतात, आणि दिवसा दगडाखाली राहतात. "हे गेले तर तुमची टाकी नासेल," म्हणाले. मी त्यांचा चहा संपवला. सहीचा कागद तेवढा घेतला.

केशवरावांनी तो दोनदा वाचला. पण त्याच दुपारी तुमचं पत्र आलं होतं आणि पोस्टमननं ते त्यांच्याच हाती दिलं होतं. पाकिटामागं तुमचं नाव, बुद्धघोष. इतके दिवस तुम्ही त्यांना नुसते 'मुंबईचे दाजी' होतात. दोन महिने आमचं गाव, आडनाव, पाहुणेरावळे विचारून त्यांना लागत नव्हता तो थांग अर्ध्या मिनिटात लागला. ना भिंग, ना लाल कागद. माझा कागद परत देत म्हणाले, "किडं गरीब असतील ओ, पण बायामाणसं भित्यात."

आपला,
भानुदास

ता. क. येत्या रविवारी, चौदा तारखेला, ऐन जयंतीच्या दिवशी खोल्या सोडतोय. समुद्र टेम्पोतून कसा न्यायचा, ते उलट टपाली कळवा. पत्ता भवानीनगरचा घाला. पाकिटामागं नाव ठळक लिहा. नव्या मालकाला काय वाचायचं ते पहिल्याच दिवशी वाचू दे.

पुन्हा ता. क. आवराआवरीत केशवरावांच्या मंडळींची, श्यामलावहिनींची, एक वाटी सापडली. होळीला त्यांनी कटाची आमटी पाठवली होती, फार चांगली झाली होती. वाटी रिकामी परत देऊ नये म्हणतात. साखर भरली, वर ताटली झाकली, आणि त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आलो. कडी वाजवली नाही.